बूच उडवायचं नसतं: शॅम्पेनची पहिली बाटली उघडणाऱ्यांसाठी

मागच्या डिसेंबरात भाचीचं लग्न रजिस्टर झालं. घरी आल्यावर नवऱ्या मुलाच्या एका मित्रानं विमानतळावरून आणलेली शॅम्पेनची बाटली पिशवीतून काढली. सकाळपासून ती गाडीच्या डिकीत होती. सगळे भोवती उभे राहिले, कुणीतरी मोबाइल धरला, मित्रानं बाटली दोनदा जोरात हलवली आणि तार सोडली. बूच ट्यूबलाइटच्या पट्टीवर आपटलं, निम्मी बाटली सोफ्यावर गेली आणि उरलेली कोमट शॅम्पेन स्टीलच्या फुलपात्रांतून पेढ्यांबरोबर वाटली गेली. मावशीनं एक घोट घेतला आणि भाचीला म्हणाली, "अगं, ही तर आंबट ढाण आहे." तिचं काही चुकलं नव्हतं. पेढ्यावर ती तशीच लागणार.

मला मात्र त्या बाटलीचं फार वाईट वाटलं. शॅम्पेनची साधी बाटलीसुद्धा कायद्यानं किमान पंधरा महिने तळघरात पडून असते, तेव्हा कुठे बाहेर येते. हाताने तोडलेली द्राक्षं, दोनदा आंबवलेला रस, आठवडेच्या आठवडे थोडी थोडी फिरवलेली बाटली, हे सगळं अर्ध्या मिनिटात सोफ्याच्या कापडात मुरलं.

म्हणून हा लेख, ज्यांच्या हातात पहिल्यांदा शॅम्पेन येणार आहे त्यांच्यासाठी. दुकानात लेबल वाचण्यापासून उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंत क्रमानं जाऊ. या पेयाभोवतीच्या प्रत्येक रीतीमागे एखादी घडलेली गोष्ट किंवा साधं विज्ञान आहे. ते कळलं की काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

पायरी पहिली: बाटलीवरचं नाव वाचा

शॅम्पेन हे मुळात एका प्रदेशाचं नाव. पॅरिसपासून ईशान्येला दीडशेएक किलोमीटरवर रँस आणि एपर्ने ही दोन शहरं आहेत. त्यांच्या भोवतालच्या आणि दक्षिणेला त्र्वा शहराकडच्या टेकड्यांवर मिळून साधारण ३४,००० हेक्टर द्राक्षबागा आहेत. तिथं पिकलेल्या द्राक्षांपासून, तिथल्याच नियमांनी, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली फेसाळ वाइन म्हणजे शॅम्पेन. बाकी जगातल्या फेसाळ वाइन म्हणजे स्पार्कलिंग वाइन. स्पेनची कावा, इटलीची प्रोसेको, फ्रान्सच्याच इतर भागांतली क्रेमाँ, ही त्यांची आपापली नावं.

हा नुसता नावाचा हट्ट वाटत असेल तर हापूस आठवा. दुसऱ्या राज्यातला आंबा पेटीत भरून देवगड हापूस म्हणून विकला की कोकणातला बागायतदार का पेटून उठतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. शॅम्पेनमध्येही तेच झालं होतं. तिथले काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणि रस आणून त्याची शॅम्पेन करत होते. त्यातच हवामान आणि कीड यांनी लागोपाठ काही वर्षं पीक बुडवलं. अखेर १९११ साली शेतकरी रस्त्यावर उतरले. आय नावाच्या गावात व्यापाऱ्यांची घरं आणि तळघरं फोडली, जाळली, पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतली आणि सरकारला सैन्य पाठवावं लागलं. कुठल्या गावाच्या द्राक्षांना शॅम्पेन म्हणायचं, याची हद्द १९२७ च्या कायद्यानं पक्की झाली. आजही तिथं सोळा हजारांच्या आसपास द्राक्ष बागायतदार आहेत आणि त्यांची सरासरी जमीन दोन हेक्टरांच्या जवळपास, म्हणजे आपल्या पाच एकरांएवढी. नाशिकच्या बागायतदाराला हा हिशेब ओळखीचा वाटेल.

नावाची राखण ते किती कडक करतात याची दोन उदाहरणं. १९९३ साली इव्ह साँ लोराँ या फ्रान्सच्याच नामांकित कंपनीनं 'शॅम्पेन' नावाचं अत्तर काढलं. शॅम्पेनवाले कोर्टात गेले, जिंकले आणि अत्तराचं नाव बदलावं लागलं. दुसरं उदाहरण मला जास्त हळहळायला लावतं. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन याच नावाचं एक छोटं जुनं गाव आहे. तिथं साधी, बुडबुडे नसलेली वाइन होते. पण २००४ पासून त्या गावकऱ्यांना आपली वाइन आपल्याच गावाच्या नावानं विकता येत नाही.

आता आपल्याकडचं. दिंडोरीला २०१३ पासून शाँदाँची स्पार्कलिंग वाइन बनते. मोएत हे शॅम्पेनमधलं मोठं घराणं ज्या समूहाचं, त्याच समूहाची ही वायनरी. पद्धतही बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची, म्हणजे तीच. तरी लेबलवर शॅम्पेन लिहिता येत नाही, कारण द्राक्षं नाशिकची. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला पायपर-हायडसिक या शॅम्पेन घराण्याची तांत्रिक मदत घेऊन फेसाळ वाइन सुरू झाली होती आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशात विकली जात होती.

माझा सल्ला असा की सरावाची पहिली बाटली नाशिकची घ्या. उघडण्या-ओतण्याचं तंत्र अगदी तेच आहे, दाबही जवळपास तेवढाच, आणि आयात शुल्क लागलेल्या फ्रेंच बाटलीच्या मानानं किंमत बरीच कमी. फक्त लेबलवर 'पारंपरिक पद्धत' या अर्थाचे शब्द आहेत ना, ते बघा. आणि वयाची अट, परवाना हे आपल्या राज्याचे नियम पाळूनच खरेदी करा.

पायरी दुसरी: गोडी किती ते बघा

नवखा माणूस इथंच हमखास फसतो. बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असतं. ड्राय म्हणजे गोड नसलेली, मग एक्स्ट्रा ड्राय म्हणजे अजिबात गोड नसलेली, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात एक्स्ट्रा ड्राय ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते.

ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. 'सेक' या शब्दाचा अर्थ कोरडी, आणि तिच्यात १७ ते ३२. दमी-सेक म्हणजे अर्धी कोरडी, ३२ ते ५०. त्याच्या वर 'दू', म्हणजे सरळ गोड. ब्रूटच्या खाली एक्स्ट्रा ब्रूट, आणि त्याच्याही खाली ब्रूट नेचर, जिच्यात वरून साखर घातलेलीच नसते.

हा गोंधळ झाला कारण शब्द ठरले तेव्हा शॅम्पेन म्हणजे जवळजवळ पाकच होता. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन गिऱ्हाइकांसाठी लिटरला २०० ग्रॅमच्याही वर साखर घातली जाई. आजच्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला साधारण शंभर-एकशेदहा ग्रॅम असते, म्हणजे दुप्पट गोडी. अशा जगात १५ ग्रॅमची शॅम्पेन 'फारच कोरडी' वाटणारच. पुढं इंग्रज गिऱ्हाइकांना जेवणाबरोबर चालेल अशी कमी गोड हवी झाली आणि पोमरी या शॅम्पेन घराण्याच्या मदाम लुईझ पोमरी यांनी १८७४ सालच्या पिकाची ब्रूट बाजारात आणून ती चालवून दाखवली. पण जुने शब्द पुसले गेले नाहीत, नवे शब्द खाली जोडत गेले.

त्या जुन्या गोडीचा थेट पुरावाही सापडलेला आहे. २०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या आलँड बेटांजवळ पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या मिळाल्या. पाण्याखाली सुमारे पन्नास मीटरवर त्या पावणेदोनशे वर्षांच्या आसपास पडून होत्या. लेबलं केव्हाच गेली होती, पण बुचांच्या तळाशी डागलेल्या खुणांवरून कुठल्या घराण्याची शॅम्पेन ते ओळखता आलं. रासायनिक तपासणीत लिटरला १४० ग्रॅमच्या वर साखर निघाली.

तेव्हा पहिल्या वेळेला काय घ्यावं? जेवणाआधी किंवा तळलेल्या खाऱ्या पदार्थांबरोबर प्यायची असेल तर ब्रूट. केक, पेढे, बर्फी यांच्याबरोबरच वाटायची असेल तर दमी-सेक शोधा. मावशीचं तोंड वाकडं झालं ते यामुळं. जिभेवर पेढ्याची साखर असताना ब्रूट म्हणजे लिंबाचं पाणी.

लेबलवर आणखी दोन गोष्टी वाचता येतात. अगदी बारीक अक्षरात 'आर-एम' असं असेल तर द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं स्वतःच ती शॅम्पेन केलेली आहे. 'एन-एम' असेल तर मोठ्या घराण्यानं, जे बरीचशी द्राक्षं विकत घेतं. आणि 'ब्लाँ द न्वार' असेल तर काळ्या द्राक्षांपासून केलेली पांढरी. हे ऐकून लोक चकित होतात, पण शॅम्पेनमधली मुख्य तीन द्राक्षं म्हणजे पिनो न्वार, म्यूनिए आणि शार्दोने, आणि त्यातली पहिली दोन काळीच आहेत. घरी बाजारातलं एखादं काळं द्राक्ष आणा, साल सोलून गर बघा. तो पांढुरकाच असतो, रंग सालीत असतो. म्हणून तिथं द्राक्षं हातानंच तोडायची असा नियम आहे, मणी फुटून सालीचा रंग रसात उतरू नये यासाठी. दाबही हलका द्यायचा. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस काढायची परवानगी आहे.

पायरी तिसरी: नीट थंड करा

फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घालून त्यात अर्धा तास. नुसत्या बर्फात ठेवू नका. खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि बाटली लवकर गार होत नाही, पाणी सगळीकडून लागतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटू शकते. आठ ते दहा अंश पुरे.

थंडपणा चवीसाठी लागतो, आणि दाबासाठीही. कोमट झाली की गॅस रसात विरघळून राहत नाही, वर येऊन बुचाला ढकलतो. मोटारींच्या शर्यतीनंतर शॅम्पेन उडवायची रीत अशाच एका तापलेल्या बाटलीपासून निघाली. १९६६ साली फ्रान्सच्या ल माँच्या शर्यतीत, स्वित्झर्लंडचा चालक जो सिफेर याला मिळालेली बाटली उन्हात तापली होती, तिचं बूच आपोआप उडालं आणि आजूबाजूचे भिजले. पुढच्या वर्षी तिथंच अमेरिकेच्या डॅन गर्नी यानं शर्यत जिंकल्यावर मुद्दाम बाटली हलवून सगळ्यांवर फवारा सोडला. तेव्हापासून ती रीत झाली. डिकीत दिवसभर तापलेली आमची बाटली पुण्यात ल माँचाच खेळ करून गेली.

उजेडापासूनही जपा. उन्हातल्या किंवा ट्यूबच्या उजेडातल्या शोकेसमध्ये महिनोन् महिने ठेवलेली बाटली घेऊ नका, वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. बाटल्या गडद हिरव्या असतात त्या त्यासाठी. एक प्रसिद्ध अपवाद म्हणजे लुई रोदेरेर घराण्याची 'क्रिस्टाल'. ती १८७६ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी पहिल्यांदा बनली. घातपाताच्या भीतीनं बाटली आरपार दिसणारी आणि तळ सपाट हवा होता, तळाच्या खळग्यात काही लपवता येऊ नये म्हणून, असं सांगतात. झार पुढे १८८१ साली रस्त्यावर बॉम्बनंच मारला गेला. ती पारदर्शक बाटली आजही उजेड अडवणाऱ्या पिवळसर कागदात गुंडाळून विकतात.

पायरी चौथी: उघडा, आणि बूच हातातून सुटू देऊ नका

या पायरीवर घाई नको. पेट्रोल पंपावर आपण गाडीच्या चाकात हवा भरायला सांगतो ती साधारण तीस-बत्तीस. शॅम्पेनच्या बाटलीत हाच आकडा ऐंशीच्या आसपास असतो, म्हणजे चाकाच्या अडीच पटीहून जास्त. सुटलेलं बूच ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात वेगानं जातं. डोळ्यावर बसलं तर डोळा जाऊ शकतो, आणि तसं घडलेलं आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांना बाजूला उभं करा.

आता हाताशी कोरडा नॅपकिन घ्या. वरचा चमकता कागद काढा. खाली तारेची जाळी दिसेल. तिच्या कडीला पीळ दिलेला असतो, तो सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटतो. मोजून बघा, बहुतेक प्रत्येक बाटलीला सहाच. पीळ सोडायला सुरुवात करण्याआधीच डाव्या हाताचा अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि बूच बाहेर येईपर्यंत उचलू नका. जाळी सैल झाली तरी काढू नका, ती आणि बूच मिळून नॅपकिनमध्ये घट्ट धरा. बाटली तिरकी करा, पंचेचाळीस अंशांत, तोंड भिंतीकडे.

मग बूच न फिरवता उजव्या हातानं बाटली बुडाकडून हळूहळू फिरवा. थोड्याच वेळात बूच आपणहून बाहेर यायला लागतं. ते तळव्याला जाणवतं, कुणीतरी आतून ढकलत असल्यासारखं. तेव्हा त्याला ओढू नका, उलट आत दाबून धरा आणि मिलिमीटर मिलिमीटर येऊ द्या. शेवटच्या क्षणी एका बाजूनं किंचित कलतं करा. आवाज येतो तो 'फट' असा नाही, 'स्स्स' असा, गाढ झोपेत कुणी सुस्कारा टाकावा तसा. लगेच सरळ करू नका, चार-पाच सेकंद तिरकीच धरा. थेंबही सांडत नाही.

तोंडाशी एक पुसट धूर दिसेल. गॅस एका झटक्यात पसरतो आणि तिथलं तापमान क्षणभर उणे ७० अंशांच्याही खाली जातं, त्यामुळं हवेतली वाफ गोठते. रँसच्या विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर हे भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शॅम्पेनच्या बुडबुड्यांचाच अभ्यास करतात. त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की थंड बाटलीचा धूर राखाडी-पांढरा असतो, आणि वीस अंशांना असलेल्या बाटलीतून क्षणभर निळी झाक निघते, कारण तिथं खुद्द कार्बन डायऑक्साइडच गोठतो.

हा दाब येतो कुठून? आधी साधी वाइन करतात. मग बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, घालून तोंड बंद करतात. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं, आणि गॅसला बाहेर जायला वाट नसते. साखरेचं हे माप कळायच्या आधी तळघरात बाटल्या धडाधड फुटत. एक फुटली की काच शेजारच्या बाटल्यांवर आदळे आणि त्याही फुटत. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून तळघरात उतरत. १८३० च्या दशकात शालाँ गावच्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्यानं साखर मोजायची रीत बसवली आणि हे संकट आटोक्यात आलं. तारेच्या जाळीचं पेटंट त्यानंतरचं, १८४४ चं, आदोल्फ जाकसाँ यांचं. त्याआधी बूच सुतळीनं बांधत.

आणि इथं दों पेरिन्याँ या संन्याशाबद्दल बोलायलाच हवं. 'या, लवकर या, मी तारे पितोय!' असं ओरडत त्यानं शॅम्पेनचा शोध लावला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ते वाक्य त्याच्या मृत्यूनंतर दीड-पावणेदोन शतकांनी जाहिरातींमधून पसरलं. तो १६६८ पासून १७१५ साली मरेपर्यंत ओव्हिलेच्या मठात तळघराचा प्रमुख होता, आणि बुडबुडे त्याला नकोच होते. त्या थंड प्रदेशात हिवाळ्यात यीस्ट झोपी जाई आणि वसंतात पुन्हा जागं होऊन वाइन फसफसू लागे. तो दोष समजला जाई आणि तो टाळायची त्याची खटपट होती. मात्र वेगवेगळ्या बागांची द्राक्षं तोलूनमापून एकत्र करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि शॅम्पेन आजही त्या मिश्रणावरच उभी आहे. त्याचं खरं मोठेपण ते असताना लोक त्याला त्यानं न केलेल्या शोधाचं श्रेय देतात, याचं मला वाईट वाटतं.

वाइनमध्ये मुद्दाम साखर घालून ती फेसाळ करण्याची लेखी नोंद त्याच्या आधीची आहे आणि ती इंग्लंडची आहे. १६६२ साली क्रिस्टोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढं वाचलेल्या निबंधात ती आली. तिथं ते जमलं बाटलीमुळं. नौदलाला लाकूड हवं म्हणून १६१५ साली राजानं काचभट्ट्यांमध्ये लाकूड जाळायला बंदी घातली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच जास्त मजबूत निघू लागली. फ्रान्समध्ये जी बाटली फुटली असती ती इंग्लंडमध्ये टिकली.

पायरी पाचवी: ओता आणि थोडा वेळ नुसतं बघा

उंच, पोट किंचित फुगलेला, तोंडाशी आवळलेला काचेचा पेला उत्तम. पसरट बशीसारखा पेला दिसायला छान, पण त्यात बुडबुडे आणि वास दोन्ही लवकर उडतात. तो पेला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या छातीच्या मापावर बनवला, अशी वदंता आहे. ती जन्मली १७५५ साली, आणि तसे पेले इंग्लंडमध्ये त्याच्या किती तरी आधी होते.

ओतताना पेला बिअरसारखा तिरका धरा. सरळ पेल्यात मधोमध ओतण्यापेक्षा अशा ओतण्यानं गॅस जास्त टिकतो, हे लिजे-बेलेर यांच्या गटानं २०१० साली मोजून दाखवलं. पाऊण लिटरच्या बाटलीत सहा पेले निघतात.

आता पेला डोळ्यासमोर धरा. बुडबुड्यांच्या माळा ठरावीक ठिकाणांहूनच उठताना दिसतील. काचेवर चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंमध्ये हवेचा कण अडकलेला असतो आणि बुडबुडा तिथंच जन्मतो. हे तंतू बहुधा हवेतल्या धुळीतून किंवा पेला पुसलेल्या सुती कापडातून येतात. अगदी निर्मळ, एकही तंतू नसलेल्या पेल्यात बुडबुडे जवळजवळ उठतच नाहीत. घरी करून बघा: दोन पेले घ्या, एक धुऊन उपडा वाळवा, दुसरा सुती पंचानं पुसा. भांड्यांच्या साबणाचा अंश मात्र राहू देऊ नका, त्यानं फेस मरतो. न पिता नुसतं बघत बसलात तर एका पेल्यातून दहा लाखांच्या आसपास बुडबुडे निघतील, असा लिजे-बेलेर यांचा हिशेब आहे.

मग दुसरी गोष्ट बघा: रस आरशासारखा स्वच्छ आहे. यीस्ट बाटलीत वाढलं, मेलं, त्याचा गाळ झाला. तो कुठं गेला?

या प्रश्नाचं उत्तर एका विधवेच्या घरी सापडलं. बार्ब-निकोल पाँसार्दाँ ही १७७७ साली रँसमध्ये जन्मलेली मुलगी. क्लिको घराण्यात लग्न झालं आणि १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी, नवरा गेला. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात बाईला बापाच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नसे, विधवेला येत असे. तिनं सासऱ्याला राजी करून धंदा हातात घेतला. १८१४ साली, नेपोलियनची युद्धं पुरती संपायच्या आत, तिनं दहा हजारांहून जास्त बाटल्या जहाजावर घालून रशियाच्या दिशेनं पाठवल्या आणि बाकीचे व्यापारी जागे व्हायच्या आत तो बाजार काबीज केला.

एवढी मागणी पुरी करायची तर गाळ लवकर काढायला हवा. १८१६ च्या सुमारास तिनं एका टेबलाला भोकं पाडून घेतली आणि बाटल्या तोंड खाली करून त्यात खोवल्या. रोज थोडी थोडी फिरवली, थोडी उभी केली, की गाळ घसरत घसरत बुचाशी जमतो. मग तोंड उघडून दाबाबरोबर तेवढा गाळ उडवून द्यायचा. आजही हेच करतात, फक्त आता बाटलीची मान उणे पंचवीस अंशांच्या आसपास बुडवून गाळाची गोळी गोठवतात. सराईत कारागीर दिवसात चाळीस हजार बाटल्या हातानं फिरवतो. बहुतेक ठिकाणी आता यंत्रं आली आहेत, ती हे सहा आठवड्यांचं काम आठवड्यात करतात.

तिच्या बाटलीवर आजही 'व्हव क्लिको' असं लिहिलेलं असतं. व्हव म्हणजे विधवा. ज्या शब्दाला आपल्याकडे मंगलकार्यात वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलं, तो तिथं लग्नाच्या टेबलावरच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात असतो. रँसमध्ये पहिल्यांदा ते नाव वाचून अर्थ कळला तेव्हा मी दुकानासमोर बराच वेळ उभा होतो.

रँसच्या तळघरांबद्दलही सांगायला हवं. जमिनीखाली वीस-तीस मीटरवर रोमन काळात दगडासाठी खोदलेल्या खडूच्या खाणी आहेत. त्याच आज बाटल्यांच्या वखारी झाल्या आहेत. तिथल्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोट पांढरं आणि ओलं होतं, शाळेतल्या फळ्याखाली साचणारा खडू पाण्यात भिजावा तसं. आत बाराही महिने दहा-बारा अंश. पहिल्या महायुद्धात वर शहरावर तोफगोळे पडत होते तेव्हा लोक याच भुयारांत राहायला गेले, मुलांच्या शाळाही तिथंच भरल्या. २०१५ साली या टेकड्या आणि तळघरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

पायरी सहावी: सोबत काय खायचं

खारं आणि तळलेलं. माझं मत विचाराल तर ब्रूटबरोबर गरम कोथिंबीर वडी. तेलाचा थर जिभेवरून आंबटपणा आणि बुडबुडे दोन्ही मिळून पुसून काढतात आणि पुढची वडी पुन्हा पहिल्यासारखी लागते. साबुदाणा वडा, तळलेली बोंबील, नुसते खारे शेंगदाणेही चालतील. फार तिखट रस्सा नको, बुडबुडे तिखटाला आणखी टोचरं करतात. पोटात काही असू द्या आणि पिऊन गाडी चालवू नका. बुडबुड्यांमुळं ही लवकर चढते.

उरली तर

बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवला की गॅस टिकतो, हे फ्रान्समध्येही लोक मनापासून मानतात. तपासून बघितलं तेव्हा चमचा असलेल्या आणि नसलेल्या बाटलीत फरक आढळला नाही. खटक्याचं रबरी झाकण मिळतं, ते लावा आणि बाटली फ्रिजमध्ये आतल्या बाजूला उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी चांगली लागते, तिसऱ्या दिवशी थकलेली.

मूळचं बूच परत बसवायचा प्रयत्न करू नका, ते बसणार नाही. आत जाताना ते सरळ दंडगोल असतं, ३१ मिलिमीटर जाडीचं, आणि यंत्रानं चेपून १८ मिलिमीटरच्या आसपास असलेल्या तोंडात घातलेलं. अळंबीचा आकार त्याला त्या चेपण्यानं येतो. भाचीच्या लग्नाचं बूच दुसऱ्या दिवशी सकाळी मला कपाटामागं सापडलं, एक कड ट्यूबलाइटच्या पट्टीवर आपटून चेमटलेली. तळाशी नियमाप्रमाणं 'शॅम्पेन' ही अक्षरं छापलेली होती. आता ते तिच्या घरी, काचेच्या कपाटात आहे.